ग्रो टेंटची उष्णता आणि हवा: पुण्याच्या मे महिन्यात आणि कोकणच्या पावसाळ्यात

फ्लॅटच्या खोलीत ग्रो टेंट, म्हणजे दिव्याखाली झाडं वाढवायचा बंद कापडी तंबू, उभा करून त्यात मातीविना, खताच्या पाण्यावर (हायड्रोपोनिक्सने) लेट्यूस, बेसिल, पालक घेणाऱ्यांची पहिली तक्रार ठरलेली असते: खोलीत ३१ अंश, टेंटमध्ये ३६. मग मोठा पंखा मागवला जातो, आकडा ३३ वर येतो आणि तिथेच अडतो. त्याहून मोठा पंखा आणला तर आवाज वाढतो, तापमान जेमतेम एखादा अंश उतरतं. यात पंख्याचा दोष नाही. हवा बाहेर फेकणारा पंखा टेंटला भोवतालच्या खोलीपेक्षा थंड करत नाही, तो फक्त खोली आणि टेंट यांच्यातला फरक कमी करतो. म्हणून हिशेब दोन करायचे: फरक किती हवा, हा पंख्याचा, आणि खोली किती गरम आहे, हा वेगळा. दोन्ही एकत्र केले की पैसे वाया जातात.

खालचे आकडे १२० × १२० × २०० सेंटिमीटरच्या टेंटसाठी आणि भिंतीच्या सॉकेटवर २०० वॅट घेणाऱ्या एलईडी दिव्यासाठी धरले आहेत. पालेभाज्यांना एवढा दिवा भरपूर होतो. टेंट ६० × ६० चा असेल तर दिवा ८० वॅटच्या आसपास धरा आणि सूत्र तेच वापरा.

आधी वॅट मोजा

एलईडी गार असतो हा गैरसमज सोडून द्या. सॉकेटमधून २०० वॅट आत गेले की शेवटी जवळपास २०० वॅट उष्णताच होते. काही दिव्यातच होते, उरलेली प्रकाश पानांवर आणि कापडावर पडून होते. झाड प्रकाशसंश्लेषणात जे साठवतं ते दोन-चार टक्क्यांच्या पुढे जात नाही. आतले छोटे पंखे आणि पंप मिळून आणखी २० वॅट धरले तर एकूण २२०.

हवा किती खेचायची याचं सूत्र सोपं आहे:

ताशी घनमीटर हवा = ३ × वॅट ÷ चालणारा फरक (अंश सेल्सिअस)

टेंट खोलीपेक्षा ३ अंशच गरम राहावा असं वाटत असेल तर ३ × २२० ÷ ३ म्हणजे ताशी २२० घनमीटर. फरक दीड अंशावर आणायचा तर ताशी ४४०, म्हणजे थेट दुप्पट. इथेच मोठ्या पंख्याची निराशा दडलेली आहे: आधीच ३ वर असलेला फरक दुप्पट हवा खेचूनही फक्त दीड अंशाने घटतो. सूत्रात कापडातून झिरपणारी उष्णता धरलेली नाही, त्यामुळे प्रत्यक्षात फरक थोडा कमीच येतो. तेवढी सवलत राहू द्या.

दुकानदार सांगतात तो 'टेंटची हवा मिनिटाला एकदा बदला' हा नियम इथे फार उपयोगाचा नाही. या टेंटचं आकारमान २.८८ घनमीटर, म्हणजे त्या नियमाने ताशी १७३ घनमीटर झाले. दिवा १०० वॅटचा असो की ४०० चा, उत्तर तेच येतं. उष्णता वॅटवर ठरते, टेंटच्या उंचीवर नाही.

एक फुकटातला फायदा: दिव्याचा ड्रायव्हर (त्याला वीज पुरवणारा डबा) सुटा होत असेल तर तो टेंटबाहेर टांगा. २०० वॅटच्या दिव्यात १५ ते २० वॅट ड्रायव्हरमध्येच जळतात. वायर लांबवताना दिव्याला येणाऱ्या मूळ वायरीइतक्याच जाडीची वायर घ्या आणि जोड उघडा ठेवू नका.

पंखा, डक्ट आणि आत येणारी हवा

पंख्याच्या खोक्यावर छापलेला आकडा पुढेमागे काहीही न जोडता मोजलेला असतो. दोन मीटर डक्ट (हवा वाहून नेणारी नळी), एक वळण आणि खिडकीवरची जाळी लागली की त्यातली साठ-सत्तर टक्के हवा हाती लागते. म्हणून गरजेच्या दीडपट क्षमता घ्यायची. २२० साठी किमान ३३० ची. डक्टच्या ओळीतच बसणाऱ्या ६ इंची मिक्स्ड-फ्लो इनलाइन फॅनची क्षमता त्याहून जास्त असते, तोच घ्या. तो पूर्ण वेगाने पळवायचा नाही, दोन तृतीयांशावर ठेवायचा. ४ इंची पंखा पूर्ण जोरात चालवण्यापेक्षा हा निम्म्या आवाजात काम करतो. ८० वॅटच्या छोट्या टेंटला मात्र ४ इंची पुरतो. खोक्यावर सीएफएम (मिनिटाला घनफूट) लिहिलं असेल तर १.७ ने गुणा, ताशी घनमीटर मिळतील. डक्टमध्ये बसवायचे स्वस्त 'बूस्टर' पंखे घेऊ नका. त्यांची पाती साध्या एक्झॉस्टसारखी असतात, डक्टचा विरोध आला की ती नुसती फिरतात.

वेग कमी करण्यासाठी घरातला छताच्या पंख्याचा रेग्युलेटर जोडायचा मोह आवरा. साधी अल्टरनेटिंग करंटची (एसी) मोटर त्यावर गुणगुणते आणि तापते. वेग बदलायचाच असतो, तेव्हा स्वतःचा कंट्रोलर असलेला ईसी मोटरचा (आतल्या इलेक्ट्रॉनिक सर्किटवर चालणारा) पंखा घ्या. महाग पडतो, पण वर्षभर चोवीस तास चालणाऱ्या वस्तूला तो फरक विजेच्या बिलात वसूल होतो.

पंखा टेंटच्या वरच्या कोपऱ्यातून खेचणारा हवा. डक्ट शक्य तेवढा आखूड ठेवा आणि ताणून बसवा. फ्लेक्झिबल अ‍ॅल्युमिनियम डक्ट आखडलेला राहिला की त्याच्या सुरकुत्या हवा अडवतात. काटकोनी वळण एकच ठेवा आणि तेही मोठ्या गोलाईने घ्या. दोन्ही टोकांना होज क्लिप लावा, नुसत्या सेलोटेपवर पावसाळा निघत नाही. पंखा दांड्याला थेट स्क्रूने न कसता पट्ट्याने टांगा, नाहीतर रात्री खालच्या मजल्यावरून फोन येईल.

आता आत येणाऱ्या हवेकडे बघू, कारण सगळ्यात जास्त दुर्लक्ष तिकडे होतं. ६ इंची डक्टचं तोंड साधारण १८० चौरस सेंटिमीटरचं. आत येण्यासाठी त्याच्या दुप्पट ते तिप्पट उघडं क्षेत्र हवं, आणि त्यावर मच्छरजाळी असेल तर आणखी जास्त, कारण बारीक जाळीची निम्मी जागा धाग्यांनीच व्यापलेली असते. टेंटच्या खालच्या बाजूला जाळीदार खिडक्या असतात, त्यांपैकी पंख्याच्या तिरक्या समोरची उघडा, म्हणजे हवा झाडांमधून तिरपी वर जाईल. पंख्याच्या बाजूचीच उघडली तर हवा कडेकडेने निघून जाते आणि पलीकडचा कोपरा तापत राहतो.

टेंटचं कापड किंचित आत ओढलेलं दिसलं पाहिजे. फार आत ओढलं गेलं तर आणखी एक खिडकी उघडा. फुगलेलं दिसलं तर कुठेतरी हवा उलट येते आहे. खात्री करायला उदबत्ती पुरते. हवा आत येणारी खिडकी, चेनच्या फटी, डक्टचे जोड आणि पंख्याची मागची बाजू, सगळीकडे धरून बघा. जोडापाशी धूर बाहेर ढकलला जात असेल तर गरम हवा खोलीतच गळते आहे.

कार्बन फिल्टर पालेभाज्यांना लागत नाही. तो वासासाठी असतो, आणि लावला तर चांगलीच हवा अडवतो. टेंटच्या 'किट'मध्ये मिळाला असेल तर माळ्यावर ठेवा.

हवा फेकायची कुठे

याचं उत्तर खोलीत एसी चालतो की नाही यावर अवलंबून आहे, आणि दोन्ही उत्तरं एकमेकांच्या अगदी उलट आहेत.

एसी नसेल तर गरम हवा खिडकीबाहेरच गेली पाहिजे. ती खोलीत सोडली तर तासा-दोन तासांत खोली तापते आणि तीच हवा पुन्हा टेंटमध्ये जाते. सरकत्या खिडकीच्या एका काचेच्या जागी अ‍ॅक्रिलिकचा किंवा वॉटरप्रूफ प्लायचा तुकडा बसवून त्यात ६ इंची भोक पाडा. बाथरूमच्या काचपट्ट्यांची खिडकी असेल तर वरच्या पट्ट्या काढून तिथे प्लाय बसवता येतो. बाहेरच्या तोंडाला खाली वळलेला काऊल (टोपीसारखं झाकण) आणि अर्धा इंची तारेची जाळी लावा. काऊल पावसासाठी, जाळी कबुतरांसाठी. गरम हवेचं भोक म्हणजे कबुतरांना आयतं घरटं. फॉल्स सीलिंगच्या पोकळीत हवा सोडू नका, ती दमट हवा तिथेच बुरशी धरते.

बाहेर हवा जाते तेवढीच कुठून तरी आत यावी लागते. खोलीचं दार-खिडकी घट्ट बंद असेल तर पंखा दाराखालच्या फटीतून शिट्टी वाजवत हवा ओढतो आणि क्षमतेच्या निम्मीच खेचतो. सावलीच्या बाजूची दुसरी खिडकी चार-सहा बोटं उघडी ठेवा.

एसी चालत असेल तर चित्र उलटं होतं. ताशी २२० घनमीटर गार हवा तुम्ही खिडकीबाहेर फेकलीत की तेवढीच बाहेरची हवा फटींमधून आत येते. बाहेर ३८ आणि खोलीत २६ असताना ही हवा गार करायला एसीला जवळपास ९०० वॅटचं काम पडतं. तेच टेंटची हवा खोलीतच सोडली असती तर एसीवर फक्त दिव्या-पंख्यांचे २२० वॅट आले असते. एक टनाचा एसी साधारण ३,५०० वॅट उष्णता उचलतो, त्यात २२० ची काय मातब्बरी! म्हणून एसीच्या खोलीत डक्ट खिडकीबाहेर न्यायचाच नाही. टेंटच्या वरून हवा खोलीत सोडा, फक्त एसीच्या सेन्सरवर किंवा टेंटच्या खिडकीकडे ती परत येणार नाही अशी दिशा द्या. कार्बन डायऑक्साइडची काळजी नको. माणसं ये-जा करतात आणि दार उघडतं त्या खोलीत पालेभाज्यांना तो पुरतो.

मुंबई, ठाणे, रत्नागिरी, पणजी या पट्ट्यात पावसाळ्यात हाच मुद्दा आणखी तीव्र होतो. बाहेर ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असते तेव्हा एका घनमीटर हवेत २६ ग्रॅमच्या आसपास पाणी असतं. एसीच्या खोलीत २६ अंश आणि ६० टक्के असेल तर साडेचौदा-पंधरा ग्रॅम. म्हणजे प्रत्येक घनमीटरमागे ११ ग्रॅम, ताशी २२० घनमीटरमागे अडीच लिटरच्या जवळपास पाणी एसीला काढावं लागतं. हा भार उष्णता धरून दोन किलोवॅटच्या घरात जातो. एसी दिवसभर धापा टाकतो, खोली गार होते पण कोरडी होत नाही, आणि दोष टेंटला दिला जातो. खरा दोष त्या खिडकीतल्या भोकाचा.

नागपूर, अकोला, जळगाव, संभाजीनगरकडे एसीऐवजी कूलर उत्तम चालतो, पण पावसाला सुरुवात होईपर्यंतच. ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रतेच्या हवेचं ओल्या फडक्याचं तापमान (पाण्याची वाफ करून ती हवा जास्तीत जास्त जेवढी गार होऊ शकते ते) २३ च्या आसपास असतं. नवी, नीट भिजलेली पॅड असलेला कूलर त्या हवेला २७-२८ पर्यंत आणतो. कूलर खिडकीबाहेर, त्याचा झोत टेंटच्या खालच्या खिडकीकडे, आणि टेंटची हवा दुसऱ्या बाजूने बाहेर: अशी मांडणी हवी. कूलरच्या हवेला जायला वाट नसेल तर अर्ध्या तासात खोली दमट होऊन तो निकामी होतो. झोत थेट पानांवर नको. बोअरच्या पाण्याचे तुषार उडाले तर पानांवर क्षारांचे पांढरे ठिपके पडतात. कोकणात कूलर लावणं म्हणजे खोलीत पाणी शिंपडणं, त्याच्या वाटेला जाऊ नका.

दिवा रात्री लावा, पण घड्याळ बघून नाही, खोली बघून

एसी नसताना सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे दिव्याची वेळ. पुण्यात मे महिन्यात बाहेरचा पारा दुपारी तीन-चारला टिपेला असतो, खोलीचा मात्र तेव्हा नसतो. वरच्या मजल्यावर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता खाली सोडत राहतो. पश्चिमेची भिंतही तशीच. म्हणून आधी तीन दिवस किमान-कमाल नोंदवणारा थर्मामीटर खोलीत ठेवा आणि खोली कधी गरम असते ते बघा. वरचा मजला असेल तर बहुतेक वेळा रात्री ९ ते सकाळी ११ हे चौदा तास बरे पडतात. रात्री बाहेरची हवा खोलीपेक्षा गार झाली की खिडकी उघडा. टेंटचा पंखाच ती गार हवा खोलीत ओढून आणतो.

टेंटला थेट ऊन लागू देऊ नका. काळ्या कापडाच्या एका चौरस मीटरवर दुपारचं ऊन ८०० वॅटच्या आसपास पडतं, ते तुमच्या दिव्याच्या चौपट झालं. बंद केलेली बाल्कनी यासाठीच वाईट जागा.

दिवा मंद करूनही फरक पडतो, पण बेताचा. लेट्यूसला २५० मायक्रोमोलचा (चौरस मीटरवर सेकंदाला पडणाऱ्या प्रकाशाचं माप) प्रकाश १४ तास दिला काय किंवा २०० चा साडेसतरा तास दिला काय, दिवसाची बेरीज १२.६ मोलच होते. वॅट एक पंचमांशाने घटतात, म्हणजे ३ अंशांचा फरक अडीचच्या खाली येतो. कोथिंबीर आणि पालक यांना मात्र लांब दिवस देऊ नका, ती फुलावर जातात.

दमटपणा

टाकीत रोज जेवढं पाणी भरता, त्यातलं जवळपास सगळं टेंटच्या हवेत वाफ होऊन जातं. भरलेल्या टेंटमध्ये दिवसाला दोन-तीन लिटर सहज. वाफ होताना ते उष्णताही घेतं, लिटरमागे ०.६८ युनिट. म्हणून रोपं मोठी झाल्यावर टेंट थोडा गार वाटतो, पण ती उष्णता गेलेली नसते, आर्द्रतेच्या रूपात हवेत बसलेली असते. एसीला ती नंतर काढावीच लागते.

आर्द्रतेची टक्केवारी एकटी बघून फसगत होते, कारण ७० टक्के २० अंशांना वेगळे आणि ३० अंशांना वेगळे. हवा पानातून किती जोराने पाणी ओढते याचं माप म्हणजे व्हीपीडी. लेट्यूसला ०.६ ते १.० किलोपास्कल मानवतो. २४ अंश आणि ७० टक्के असताना तो ०.९ येतो, छान. २८ अंश आणि ७५ टक्के असतानाही ०.९५ च. पण विदर्भातल्या कोरड्या खोलीत ३२ अंश आणि ४० टक्के असेल तर २.८ च्या पुढे जातो. पानं दुपारी मान टाकतात आणि पाणी असूनही कडा करपतात. अशा वेळी पंखा वाढवणं चूक. हवा जितकी जोराने जाईल तितकी आर्द्रता निघून जाईल. तिथे पंखा कमी करून कूलरची हवा द्यायची.

उलट बाजूला, दिवा बंद झाल्यानंतरचा तास धोक्याचा. २६ अंश आणि ७० टक्क्यांची हवा २० अंशांवर आली की तिच्यातून पाणी सुटायला लागतं. सकाळी दांड्यांवर आणि पानांवर थेंब दिसले की समजा रात्री हेच झालंय. मग करडी बुरशी, बेसिलवर केवडा रोग. दिव्याच्या टायमरवरच पंखा जोडला असेल तर हे हमखास होतं. पंखा टायमरवर जोडूच नका. दिवा बंद झाल्यावर अर्धा तास पूर्वीच्याच वेगाने आणि मग रात्रभर एक तृतीयांश वेगाने चालू ठेवा.

डीह्युमिडिफायर टेंटच्या आत ठेवू नका. ताशी अर्धा लिटर पाणी काढणारं ३०० वॅटचं यंत्र स्वतःचे ३०० वॅट आणि वाफेचं पाणी होताना सुटणारे ३४० वॅट, असे एकूण ६४० वॅट त्याच हवेत सोडतं, म्हणजे आणखी तीन दिवे लावल्यासारखं झालं. ठेवायचं तर खोलीत, आणि एसी असेल तर त्याचा ड्राय मोडच बरा. कपाटात टांगायच्या ओल शोषणाऱ्या पिशव्या इथे हास्यास्पद आहेत. त्या आठवड्यांत जेवढं शोषतात तेवढं झाडं एका सकाळी सोडतात.

टेंटच्या आतला वारा

बाहेर फेकणारा पंखा वेगळा, आतला वेगळा. एकाने दुसऱ्याचं काम होत नाही. या आकारात दोन ६ इंची क्लिप फॅन समोरासमोरच्या कोपऱ्यांत लावा, एक पानांच्या थोडा वर आणि एक पानांच्या खाली. पानं जेमतेम हलली पाहिजेत, फडफडता कामा नयेत. एकाच रोपावर झोत राहिला तर त्याची कड वाळते.

लेट्यूसच्या आतल्या कोवळ्या पानांच्या कडा तपकिरी होतात, त्याला टिपबर्न म्हणतात. कॅल्शियम टाकीत भरपूर असतं, पण ते पाण्याबरोबर वाहतं, आणि मिटलेल्या गाभ्यातून वाफ होत नाही म्हणून तिथे पोचत नाही. खताचा डोस वाढवून हे जात नाही. वरून खाली, थेट गाभ्यावर येणारा हलका वारा दिला की नव्या पानांत फरक दिसतो. आधी जळालेली पानं तशीच राहणार.

मोजताना

टेंटच्या दांड्याला लटकवलेला, दिव्याचा उजेड थेट पडणारा मीटर दोन-चार अंश जास्त दाखवतो. तो पानांच्या उंचीवर आणि सावलीत हवा. एका पांढऱ्या कागदी कपाला बाजूंनी भोकं पाडून उलटा टांगा, आत सेन्सर, वारा लागेल असा.

स्वस्त मीटरची आर्द्रता पाच टक्क्यांनी सहज चुकते. ती घरी तपासता येते. सोड्याच्या बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, त्यात थेंब-थेंब पाणी घालून ते ओल्या वाळूसारखं करा, विरघळू देऊ नका. झाकण आणि मीटर झिपलॉक पिशवीत घालून दहा-बारा तास सावलीत ठेवा. आत ७५ टक्के आर्द्रता होते. मीटर ८० दाखवत असेल तर यापुढे पाच वजा करून वाचा.

झाडं लावण्याआधी रिकामा टेंट दोन तास दिवा लावून चालवा आणि खालच्या खिडकीपाशी व पंख्याच्या तोंडाशी तापमान घ्या. फरक सूत्राने आलेल्या उत्तरापेक्षा कमी किंवा तेवढा आला तर ठीक. जास्त आला तर हवा कुठेतरी अडते आहे: डक्टचं वळण, खिडकीची जाळी, किंवा खोलीचं बंद दार.

टाकीचं पाणी

हायड्रोपोनिक्समध्ये हवेपेक्षा पाणी आधी घात करतं. २० अंशांच्या पाण्यात लिटरला ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांत साडेसात. त्यात मुळं कुजवणाऱ्या पिथियम या बुरशीसारख्या जिवाला ऊब मिळते. मुळं तपकिरी, बुळबुळीत होतात आणि वास येतो. पाणी २४ च्या खाली ठेवायचा प्रयत्न करा.

टाकी टेंटबाहेर, जमिनीवर ठेवा, सगळ्या बाजूंनी थर्मोकोल लावा. हवेचा पंपही बाहेर, नाहीतर तो टेंटची गरम हवाच पाण्यात सोडतो. पाण्यात बुडालेला १८ वॅटचा पंप चोवीस तासांत ०.४३ युनिट उष्णता त्याच पाण्यात देतो. २० लिटरच्या टाकीला ही मोठी रक्कम आहे. एनएफटीत (मुळांखालून पन्हाळीतून पाण्याचा पातळ प्रवाह सोडायची पद्धत) पंधरा मिनिटं चालू, पंधरा बंद असा टायमर लावला की ती निम्मी होते. अडीअडचणीला गोठवलेली एक लिटरची बाटली टाकीत सोडली तर २० लिटर पाणी चार-पाच अंश उतरतं. कोरड्या हवेच्या गावात टाकीला ओलं गोणपाट गुंडाळून पंख्यापुढे ठेवणं हा त्याहून टिकाऊ उपाय. तेव्हा मात्र थर्मोकोल काढावा लागतो.

लेट्यूसचं बी २८-३० अंशांच्या वर झोपी जातं. मेमध्ये ते ओल्या टिश्यूत गुंडाळून एक-दोन दिवस फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा, मग पेरा.

वीज आणि आपोआप बंद होण्याची सोय

टेंटच्या सर्किटवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) असलाच पाहिजे. बोर्ड जमिनीपासून वर, टाकीपासून दूर. प्रत्येक वायरला सॉकेटच्या खाली झोळ द्या म्हणजे ओघळलेला थेंब तिथेच खाली पडेल. एका मल्टिप्लगमध्ये दुसरा मल्टिप्लग नको.

एसटीसी-१००० सारखा तापमान कंट्रोलर पंख्याला लावण्यापेक्षा दिव्याला लावणं जास्त शहाणपणाचं. पंखा कायम चालू असतोच. पण पंखा जळाला, डक्ट निसटला, तरी दिवा चालूच राहतो आणि दोन-तीन तासांत कोवळी रोपं उकडतात. कंट्रोलर कूलिंगवर न ठेवता हीटिंगवर ठेवा, ३३ अंशांना तोडायला आणि ३० ला पुन्हा जोडायला सांगा, आणि दिवा त्याच्या रिलेतून (आतल्या आपोआप चालणाऱ्या स्विचमधून) घ्या. म्हणजे ३३ ला दिवा आपोआप बंद. एलईडी ड्रायव्हर चालू होताना क्षणभर खूप करंट ओढतो, त्याने छोट्या रिलेचे संपर्क चिकटू शकतात. २०० वॅटपर्यंत सहसा निभावतं, त्याच्या वर कॉन्टॅक्टर (जास्त करंट पेलणारा मोठा रिले) लावा. बसवल्यावर सेन्सर मुठीत धरून काही उपयोग नाही, ३३ ला पोचायला वेळ लागेल; कोमट पाण्याच्या कपात बुडवा आणि दिवा खरंच बंद होतो का बघा.

लोडशेडिंग असेल तर इन्व्हर्टरवर दिवा नको, आतले क्लिप फॅन आणि हवेचा पंप ठेवा. दिवा बंद म्हणजे उष्णताही बंद, पण मुळांना प्राणवायू लागतोच.

देखभाल फार नाही. पंधरा दिवसांनी हवा आत येणाऱ्या खिडकीची जाळी धुवा. रस्त्याकडेच्या फ्लॅटमध्ये आठवड्याला. पंख्याची पाती तीन महिन्यांनी पुसा. फरक हळूहळू वाढत ४ वर गेला तर नवा पंखा घेण्याआधी जाळी बघा. नाशिककडे डिसेंबर-जानेवारीत उलटा प्रश्न येतो: तेव्हा डक्ट खिडकीतून काढून खोलीत सोडा आणि दिवा रात्री लावा, तो हीटरचं काम करतो.

आणि एप्रिल-मेमध्ये एसीविना खोली ३४ च्या खाली येतच नसेल तर लेट्यूसचा हट्ट सोडा. बेसिल, राजगिरा, अंबाडी, मिरचीची रोपं हे सगळं ३२-३३ अंशांत तक्रार करत नाही. लेट्यूस नोव्हेंबरात.